‘आनंद’ या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितशोधनाच्या कामात मला सर्वांत जास्त वेळा थांबवणारा शब्द ‘आनंद’ आहे. तो सगळ्यांना येतो, म्हणूनच कुणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. मग सुखाच्या जागी आनंद, समाधानाच्या जागी आनंद आणि साध्या ‘बरं वाटलं’च्या जागीही आनंद येऊन बसतो. भाषांतर करणारे, निमंत्रणपत्रिका लिहिणारे, मराठी शिकणारे आणि शिकवणारे यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. बऱ्याच उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: शब्दाबद्दल शंका आली की त्याच्यासोबत कोणते क्रियापद येते ते बघा. मराठीने या सगळ्या शब्दांमधला फरक क्रियापदांत जपून ठेवला आहे.

‘आनंद’ म्हणजे नेमके काय?

मूळ संस्कृत शब्द. ‘नन्द्’ हा धातू, म्हणजे संतुष्ट होणे, हर्षणे. त्याला ‘आ’ हा उपसर्ग लागून ‘आनंद’ झाला. मन आतून भरून येईल अशी प्रसन्नता, असा त्याचा अर्थ सांगता येईल. कारण मोठेच हवे असे नाही. हरवलेली किल्ली सापडली तरी आनंद होतो आणि मुलीला पहिली नोकरी लागली तरी आनंदच होतो.

शब्द पुल्लिंगी आहे. सामान्यरूप ‘आनंदा’: आनंदाने, आनंदाचा, आनंदात. अनेकवचनात रूप बदलत नाही. ‘छोटे छोटे आनंद’ असे अलीकडे बरेच जण लिहितात, त्यात चूक काही नाही; मला स्वतःला ‘आनंदाचे छोटे क्षण’ अधिक बरे वाटते. जुन्या रचनांत ‘आनंदे’ दिसते ते अनेकवचन नव्हे. ते तृतीयेचे जुने रूप आहे, अर्थ ‘आनंदाने’.

याच धातूपासून आलेले आणखी शब्द कोणते?

या प्रश्नाचे उत्तर मी नेहमी थोडे लांबवते, कारण या कुटुंबातल्या एका शब्दाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

सोपे शब्द आधी. नंदन म्हणजे मुलगा, आनंद देणारा. अभिनंदन म्हणजे दुसऱ्याच्या यशाने आपण हर्षणे आणि ते त्याला सांगणे. नांदी म्हणजे नाटकाच्या आरंभीचे मंगलाचरण. त्यावरून कोणत्याही मोठ्या गोष्टीच्या सुरुवातीला आपण ‘नांदी’ म्हणू लागलो, आणि आता वर्तमानपत्रात ‘संकटाची नांदी’ही वाचायला मिळते. ननंद या शब्दातही जुन्या व्युत्पत्तिकारांनी हाच धातू पाहिला आणि ‘न नंदते ती’, भावजयीने कितीही केले तरी जी प्रसन्न होत नाही ती, अशी फोड केली. नणंदांवर हा अन्याय आहे, पण फोड जुनी आहे.

आता मुख्य शब्द: नांदणे. तोही ‘नन्द्’पासूनच आला. मुळात अर्थ आनंदाने राहणे. ‘घरात सुखसमृद्धी नांदो’, ‘सगळे गुण्यागोविंदाने नांदतात’ या वाक्यांत तो अर्थ अजून जिवंत आहे. पण लग्न झालेल्या मुलीबद्दल बोलताना ‘नांदणे’ म्हणजे नुसते सासरी राहणे, एवढेच उरले. ‘ती नांदते का?’ या प्रश्नात ती आनंदात आहे का, असे कुणी विचारत नसते. ती तिथे आहे की परत आली, एवढेच विचारलेले असते. ‘नांदवणे’ हे क्रियापद तर नवऱ्याच्या बाजूने चालते: त्याने तिला नांदवले, किंवा नांदवले नाही.

१८८७ साली नवऱ्याने लावलेल्या दाव्यात मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना हुकूम दिला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि नवऱ्याच्या घरी कधी राहिल्या नव्हत्या. त्यांनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. पुढे तडजोड होऊन तुरुंग टळला आणि त्या शिकून डॉक्टर झाल्या. आज १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातले कलम ९ याच प्रकारच्या दाव्याबद्दल आहे, आणि बोलताना आपण अजूनही ‘नांदायला येण्याचा दावा’ म्हणतो. ज्या धातूचा अर्थ हर्षणे, त्याच धातूच्या क्रियापदाने एखाद्या बाईला मनाविरुद्ध एका घरात पाठवायचे, हे लक्षात आल्यापासून मी ‘नांदणे’ हा शब्द सहज लिहू शकत नाही. तुम्हीही लिहिताना क्षणभर थांबा, एवढीच विनंती.

सुख आणि आनंद यांत फरक काय?

घड्याळ लावून बघा. ‘काल चार वाजता निकाल कळला आणि मला आनंद झाला’ हे वाक्य सरळ आहे. ‘काल चार वाजता मला सुख झाले’ असे आज कुणी म्हणत नाही. आनंद होतो, म्हणजे तो घडतो, त्याला सुरुवात असते. सुख मिळते, लाभते, भोगतात, माणूस सुखात असतो किंवा राहतो. आनंदाला वेळ असते, सुखाला मुदत असते.

दुसरा फरक बाहेरच्या परिस्थितीचा. सुख बहुधा आजूबाजूच्या व्यवस्थेशी बांधलेले असते: सुखसोयी, सुखवस्तू घर, सुखाचा संसार, दोन घास सुखाने खाणे. न्याय या भारतीय दर्शनात सुखाची व्याख्या ‘सर्वांना अनुकूल म्हणून जे जाणवते ते’ अशी केली आहे. अनुकूलता हा त्यातला कळीचा शब्द. म्हणूनच ‘ते सुखात नाहीत, पण आनंदात आहेत’ असे मराठीत म्हणता येते आणि ऐकणाऱ्याला लगेच कळते की पैशाची ओढाताण आहे, पण माणसे हसतखेळत आहेत. उलटही चालते: घरात सगळे सुख आहे, आनंद नाही.

‘सुख’ या शब्दाची एक व्युत्पत्ती मला फार आवडते. ‘सु’ म्हणजे चांगले आणि ‘ख’ म्हणजे छिद्र, इथे रथाच्या चाकाचे आसाचे भोक. ऋग्वेदात ‘सुख’ हे रथाचे विशेषण म्हणून येते: ज्याचे चाक आसावर नीट बसले आहे, जो खडखड न करता चालतो तो रथ सुख. सगळे अभ्यासक ही फोड मानतात असे नाही. ‘सुस्थ’ या शब्दापासून ‘सुख’ आला असावा, असेही एक मत आहे. पण एसटीत बसल्यावर ‘आपला प्रवास सुखाचा होवो’ हे वाचले की मला ते चाक आठवते. प्रवासाला आपण ‘आनंदाचा’ म्हणत नाही, ‘सुखाचा’ म्हणतो. पोहोचल्यावर ‘सुखरूप पोहोचलो’ असे कळवतो. बाळ-बाळंतीणही ‘सुखरूप’ असतात. या सगळ्या ठिकाणी सुख म्हणजे अडथळा न येता, इजा न होता पार पडणे.

‘सुखासुखी’ हा शब्दही इथेच सांगायला हवा. ‘सुखासुखी कोण घर सोडून जाईल?’ म्हणजे सगळे ठीक असताना, काही कारण नसताना. यात सुख म्हणजे निव्वळ त्रासाचा अभाव.

आनंद होणे, वाटणे, मिळणे, घेणे, मानणे: यांतले कोणते कधी?

‘आनंद होणे’ सर्वांत साधे आणि बहुतेक ठिकाणी चालणारे. बातमी कळली, भेट झाली, यश मिळाले की आनंद होतो.

‘आनंद वाटणे’ थोडे सौम्य आणि औपचारिकही. सभेत ‘आपल्यासमोर बोलताना मला आनंद वाटतो’ म्हणतात. इथे नवशिक्यांची एक गंमतशीर अडचण होते, कारण ‘वाटणे’ ही दोन निराळी क्रियापदे आहेत. ‘तिला आनंद वाटला’ म्हणजे तिच्या मनात आनंद उमटला. ‘तिने आनंद वाटला’ म्हणजे तिने तो इतरांना दिला. ‘ला’ आणि ‘ने’ एवढ्याच फरकाने आनंद आत येतो किंवा बाहेर जातो. माझ्या एका विद्यार्थिनीने निबंधात ‘आजीने आनंद वाटला’ लिहिले होते. तिला ‘आजीला’ म्हणायचे होते. मी खूण केली खरी, पण ते चुकीचे वाक्यच आजीला जास्त शोभत होते.

‘आनंद मिळणे’ एखाद्या कृतीतून, हळूहळू: वाचनातून आनंद मिळतो, झाडे लावण्यातून आनंद मिळतो. एकदम आलेल्या बातमीने आनंद ‘मिळत’ नाही, ‘होतो’.

‘आनंद घेणे’ आणि ‘लुटणे’ यांत माणूस स्वतः पुढे होतो. पावसाचा आनंद घ्या, गाण्याचा आनंद लुटा. जेवणाच्या बाबतीत मात्र सावध. पाहुण्यांना ‘जेवणाचा आनंद घ्या’ म्हणणे हे पाटीवरचे मराठी आहे. घरी वाढताना आपण ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो, आणि त्यात सगळे येते.

‘आनंद मानणे’ म्हणजे परिस्थिती फारशी मनासारखी नसताना आहे त्यात आनंद शोधणे. ‘दुसऱ्याच्या सुखात आनंद मानणारी माणसे’ हेही याच क्रियापदाने बोलतात. ‘मानणे’ आले की तिथे मनाचा निर्णय आहे असे समजावे.

‘मी आनंदी आहे’ हे चुकीचे आहे का?

चुकीचे नाही, पण बऱ्याचदा नको तिथे येते. ‘आनंदी’ हे विशेषण स्वभाव किंवा टिकणारी अवस्था सांगते: आनंदी मुलगा, आनंदी घर, तिचा स्वभाव आनंदी आहे. विशेषण अविकारी असल्यामुळे लिंग-वचनाने बदलत नाही. एखाद्या घटनेने मनात काय झाले ते सांगायचे असेल तर ‘मला आनंद झाला’.

‘तू आलास म्हणून मी आनंदी आहे’ या वाक्यातले शब्द मराठी आहेत, बांधणी नाही. ‘तू आलास, फार आनंद झाला’ असे म्हटले की वाक्य मोकळे होते. मराठीत आनंद हा कर्ता असतो आणि मी ‘मला’ होऊन त्याच्यापुढे उभा राहतो. भूक लागते, झोप येते, आठवण येते, तसाच आनंद होतो. ‘मी’ तो करत नाही. भाषांतर करताना ‘मी आनंदी आहे’ दिसले की मी आधी त्यातल्या ‘मी’चा ‘मला’ करून पाहते. दहापैकी आठ वेळा वाक्य तिथेच सुधारते.

‘आनंदित’ हा शब्द प्रसंगापुरता: ‘बातमी ऐकून सगळे आनंदित झाले’. लिहिण्यात ठीक, बोलण्यात क्वचित. ‘आनंदणे’ हे क्रियापदही आहे, ‘मन आनंदले’; ते आता बहुतेक कवितेत किंवा ‘आनंदून जाणे’ या रूपात भेटते.

समाधान म्हणजे आनंदच ना?

नाही. समाधान मिळते, वाटते, मानतात. ‘समाधान झाले’ म्हटले तर बहुधा शंका फिटली किंवा पोट भरले असा अर्थ होतो. सम्, आ आणि धा यांपासून बनलेला हा शब्द मुळात ‘नीट एके ठिकाणी ठेवणे’ असे सांगतो. इकडेतिकडे धावणारे मन जागेवर बसले की समाधान. त्यात उसळी नसते. आनंदात उसळी असते. म्हणून आनंदाने माणूस नाचतो, समाधानाने झोपतो.

हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. हिंदीत ‘समाधान’ म्हणजे अडचणीवरचा उपाय. ‘समस्येचे समाधान’ हे आता मराठी मजकुरातही घुसले आहे आणि मी प्रत्येक वेळी ते खोडते. समस्येवर तोडगा काढतात, उपाय शोधतात, तक्रारीचे निवारण करतात. ‘शंकासमाधान’ एवढा एक जोडशब्द आपल्याकडे त्या अर्थाच्या जवळ जातो.

याच संदर्भात नेहमी येणारा प्रश्न ‘हॅपिनेस इंडेक्स’चा. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली ठराव करून २० मार्च हा दिवस ठरवला आणि २०१३ पासून तो पाळला जातो. मराठीत त्याला ‘आंतरराष्ट्रीय आनंद दिन’ म्हणतात. २०१२ पासूनच निघणाऱ्या जागतिक अहवालात देशांचा क्रम लागतो, त्याच्या बातम्या ‘सर्वांत आनंदी देश’ अशा मथळ्याने येतात. पण त्या क्रमासाठी लोकांना काय विचारतात? एक शिडी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत खालची पायरी ०, म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य तितके वाईट जगणे. सर्वांत वरची १०, शक्य तितके चांगले जगणे. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? हा प्रश्न वाचून मराठी माणूस ‘आनंद’ म्हणणार नाही. तो म्हणेल, समाधानी आहे, किंवा नाही. आता ‘आनंदी देश’ हा प्रयोग रूढ झाला आहे, तो बदलणार नाही; पण मजकुरात एकदा तरी ‘जगण्याविषयीचे समाधान’ असे लिहिले तर वाचकाला कळते की त्या देशात लोक सतत हसत फिरतात असा दावा कुणी केलेला नाही.

आणि संतोष?

समाधानाचा जवळचा, पण लिहिण्यातला. गंमत त्याच्या उलट शब्दात आहे. ‘संतोष’ एकट्या माणसाचा असतो, ‘असंतोष’ मात्र जनतेचा: कामगारांत असंतोष, शेतकऱ्यांत असंतोष. टिळकांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ म्हटले गेले ते याच अर्थाने. एकट्या माणसाची कुरकुर असेल तर ‘असमाधान’ किंवा ‘नाराजी’ लिहा.

‘आनंद’चा विरुद्धार्थी शब्द कोणता?

शाळेच्या पुस्तकात ‘दुःख’. परीक्षेत तेच लिहावे. नीट जोड्या लावायच्या तर सुख–दुःख, हर्ष–खेद, आनंद–शोक अशा लावाव्या लागतील. ‘निरानंद’ असाही शब्द आहे, पण तो उदास, बेचव अशा अर्थाने येतो.

हर्ष कधी वापरावा?

कमी. ‘हृष्’ या धातूत अंगावर काटा येण्याचा भाव आहे. ‘रोमहर्षक’ सामना म्हणतो तो त्यामुळेच. अंगाला जाणवणारा, चेहऱ्यावर दिसणारा आनंद म्हणजे हर्ष. बोलण्यात तो आता ‘हर्षवायू होणे’ आणि ‘हरखून जाणे’ या दोन प्रयोगांत टिकला आहे. ‘हरखणे’ हा फार गोड शब्द आहे. लहान मूल नवा सदरा घालून आरशासमोर उभे राहते तेव्हा ते आनंदी नसते, हरखलेले असते.

आनंदाचे वाक्प्रचार सांगाल का?

यादी पाठ करण्यापेक्षा त्यांतले चित्र पाहिले तर ते आपोआप लक्षात राहतात. मराठीने आनंदाला पाणी मानले आहे. आनंदाला भरते येते, उधाण येते. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. मन उचंबळते. आनंदाच्या उकळ्या फुटतात. ‘आनंदाला पारावार उरला नाही’ यातला ‘पारावार’ म्हणजे पैलतीर आणि ऐलतीर, दोन्ही काठ. म्हणजे काठच दिसेनासे झाले. आनंद गगनात मावत नाही, कारण तो वाढत जाणारा आणि भांडे पुरे न पडणारा पदार्थ आहे. त्यावर विरजण पडते तेव्हा तो दूध होतो आणि नासतो. ‘मौज’ हा अरबीतून आलेला शब्द. तिकडे त्याचा अर्थ लाट.

तुकोबांचा ‘आनंदाचे डोही आनंद तरंग’ हा चरण याच पाण्यातला. त्यातल्या ‘डोही’बद्दल बरेच जण विचारतात. ‘डोही’ हे सप्तमीचे जुने रूप, आज आपण ‘डोहात’ म्हणू. आणि ‘आनंदाचे’ म्हणजे आजचे ‘आनंदाच्या’. पाणीही आनंद आणि त्यावरची लाटही आनंद, दुसरे काही नाहीच.

समाधानाला मात्र पाणी नव्हे, गारवा मिळाला. जीव थंड झाला, डोळे निवले. ‘निवणे’ म्हणजे तापलेली वस्तू गार होणे. माझी आजी परगावाहून आलेल्या नातवंडांना जवळ बसवून, काही न बोलता बघत राहायची आणि शेवटी एवढेच म्हणायची, ‘निवले बाई डोळे.’ आनंद झाला असे तिने म्हटलेले मला आठवत नाही. उन्हाच्या मुलखातल्या भाषेला तृप्ती गार वाटावी हे मला अगदी पटते.

आनंदात अभिमान मिसळला की चित्र बदलते: आकाश ठेंगणे होते, स्वर्ग दोन बोटे उरतो, अंगावर मूठभर मांस चढते. शेवटचा प्रयोग विशेषतः कौतुक ऐकल्यावरचा. ‘मनात लाडू फुटणे’ हिंदीतून आले आहे. आपल्याकडे ‘मनात मांडे खाणे’ आहे, पण त्याचा अर्थ निराळा, नुसती स्वप्ने रंगवणे.

‘ब्रह्मानंदी टाळी लागणे’ यात टाळ्या वाजवणे नाही. टाळी लागणे म्हणजे समाधी लागणे, भान हरपणे.

‘आनंदीआनंद’ आणि ‘आनंद आहे!’ यांचा अर्थ उलटा कसा?

बोलण्याच्या सुरामुळे. ‘त्या कार्यालयात सगळा आनंदीआनंद आहे’ म्हणजे तिथे काही धड नाही. एखादे काम बिघडल्याचे कळल्यावर सुस्कारा टाकून ‘आनंद आहे!’ म्हणतात, तेव्हा तो आनंद नसतो. मराठी शिकणाऱ्यांनी हे ऐकून समजावे, स्वतः वापरायची घाई करू नये. लेखनात सूर दिसत नाही, त्यामुळे वाचक सरळ अर्थ घेण्याची भीती असते.

आनंद की आनन्द? खुश की खूश?

‘आनंद’ लिहा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनुसार स्पष्ट उच्चार होणाऱ्या अनुनासिकासाठी शीर्षबिंदू द्यावा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत विकल्पाने परसवर्ण, म्हणजे बिंदूऐवजी पुढच्या अक्षराच्या वर्गातले अनुनासिक, चालतो, म्हणून ‘आनन्द’ अशुद्ध नाही. ‘आनंन्द’ मात्र दोन्हीकडून चूक.

‘खूश’ दीर्घ, ‘सुख’ ऱ्हस्व. मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरा उकार दीर्घ असतो, जसे फूल, सून, वसूल, खूश त्यांच्यातला. ‘सुख’ तत्सम असल्याने संस्कृतातल्यासारखा ऱ्हस्व राहतो. आणि ‘खूश’ला पुढे काही जोडले की तो ऱ्हस्व होतो: खुशी, खुशाल.

‘अत्यानंद’ बरोबर, ‘अतीआनंद’ चूक. संस्कृत ‘उल्लास’चा मराठीत ‘उल्हास’ झाला आहे आणि दोन्ही चालतात. मला बोलताना ‘उल्हास’च येतो.

‘खुशी’ हा शब्द मराठी आहे का?

फारसीतून आला आणि इथे राहून बदलला. हिंदीत खुशी म्हणजे आनंद; मराठीत तिचा मुख्य अर्थ मर्जी असा झाला. ‘ही माझी खुशी’, ‘राजीखुशीने दिले’. ‘मला खुशी झाली’ हे म्हणूनच परके वाटते. ‘खुशाल जा’ म्हणजे तुला हवे तर जा, कधी परवानगी तर कधी रागही. ‘खुशाली’ म्हणजे क्षेम. पत्रातले ‘आम्ही खुशाल आहोत’ आणि ‘कुशल आहोत’ हे शब्द सारखे वाटतात, पण पहिला फारसी ‘खुशहाल’ आणि दुसरा संस्कृत. दोन भाषांतले दोन शब्द एकाच पत्रात शेजारी येऊन बसले, आणि कुणाला ते वेगळे आहेत हे जाणवलेही नाही.

‘मजा’ही फारसी, मूळ अर्थ चव. मराठीत ती स्त्रीलिंगी: मजा आली. ‘मजा आला’ हिंदीच्या वळणाचे.

‘हॅपी बर्थडे’ला ‘आनंदी वाढदिवस’ का म्हणत नाहीत?

कारण मराठीत दिवसाला आनंदी होण्याची सदिच्छा देत नाहीत, माणसाला शुभेच्छा देतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, प्रवासाला ‘सुखाचा’. नवदांपत्याला ‘संसार सुखाचा होवो’.

वेदान्तातला ‘आनंद’ हाच का?

शब्द हाच, पल्ला फार मोठा. तैत्तिरीय उपनिषदात माणसाचे पाच कोश सांगितले आहेत: अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय आणि सर्वांत आतला आनंदमय. तिथे आनंदाचे एक माप धरले आहे. तरुण, सज्जन, शिकलेला, बळकट माणूस आणि धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याची, हा माणसाचा एक आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असे करत पितर, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती यांच्यामार्गे दहा वेळा शंभराने गुणून ब्रह्माचा आनंद येतो. आणि प्रत्येक पायरीवर सांगितले आहे की ज्याला कामना उरली नाही अशा जाणत्या माणसालाही तेवढाच आनंद आहे. सच्चिदानंद, स्वानंद, निजानंद हे शब्द या विचारातले. रोजच्या मजकुरात ते घालू नयेत. ‘परमानंद झाला’ असे सत्कारसमारंभाच्या वृत्तात वाचले की मला शब्दाची दया येते.

आनंद आणि अनंत ही नावे एकच का?

नाही. अनंत म्हणजे ज्याला अंत नाही तो. दोन्ही नावांची हाक मात्र पुष्कळदा ‘अंत्या’, ‘नंदू’ अशी सरमिसळ होऊन येते. आनंदी हे मुलीचे नाव जुने आहे. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना, लग्नानंतर आनंदी झाले. १८८६ साली त्यांनी अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, त्या गेल्या.

‘मला आनंद झाला’ कोरडे वाटते. जवळच्या माणसाला काय म्हणू?

‘बरं वाटलं.’ मराठी घरांत आनंदासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द ‘आनंद’ नाहीच, तो हा आहे. तू फोन केलास, बरं वाटलं. तुम्ही आलात, फार बरं वाटलं. आजारातून उठलेल्या माणसालाही आपण ‘आता बरं वाटतंय का?’ असेच विचारतो, आणि त्यामुळे ‘बरं वाटलं’ म्हणताना नकळत हेही सांगितले जाते की याआधी थोडे बरे नव्हते. तरुण मुले ‘भारी वाटलं’ म्हणतात, तेही छान आहे. छापील पत्रिकेत ‘कळविण्यास अत्यानंद होत आहे’ राहू द्या. पण खाली हाताने दोन ओळी लिहिणार असाल तर ‘तुम्ही आलात तर आम्हाला बरं वाटेल’ एवढे लिहा.